विल्यम हेन्री साइक्स

विल्यम हेन्री साइक्स (जन्म : २५ जानेवारी १७९०, मृत्यू : १६ जून १८७२) हे ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई सैन्यातील अधिकारी, संख्याशास्त्रज्ञ आणि प्रकृतिवैज्ञानिक होते. दख्खनच्या नद्यांतील अनेक माशांची पहिली शास्त्रीय वर्णने त्यांची आहेत.

जीवन

यॉर्कशायरमध्ये जन्मलेले साइक्स १८०४ मध्ये सैन्यात दाखल झाले. भरतपूरचा वेढा (१८०५) आणि खडकीची लढाई (१८१७) यांत ते होते. १८२४ मध्ये मुंबई सरकारने त्यांच्याकडे पुणे, अहमदनगर, खानदेश व धारवाड या जिल्ह्यांच्या सांख्यिकीय पाहणीचे काम सोपवले. काटकसरीपोटी हे पद १८२९ मध्ये रद्द झाले, तरी त्यांनी रजा घेऊन पाहणी पुरी केली आणि १८३१ मध्ये मायदेश गाठला. पुढे ते कंपनीचे अध्यक्ष (१८५६) आणि १८५७ पासून अखेरपर्यंत ॲबरडीनचे संसद सदस्य होते.

दख्खनचे मासे

पाहणीच्या फिरतीतच त्यांनी पक्षी, सस्तन प्राणी व मासे यांच्या नोंदी केल्या. माशांवरील निबंध १८४१ मध्ये लंडनच्या प्राणिशास्त्रीय संस्थेने छापला. त्यातील बरेच मासे भीमेच्या खोऱ्यातले. याच खोऱ्यातील सीना नदी आष्टी तालुक्याच्या (बीड जिल्हा) सीमेवरून वाहते. आष्टीचा मुलूख तेव्हा निजामाकडे असल्याने पाहणीबाहेर राहिला. माशांना अर्थातच ती हद्द लागू नव्हती.

साइक्स यांनी स्थानिक नावेच शास्त्रीय नावांत ठेवली. खुद्री, कोलस, नुक्ता ही नावे त्यामुळे जगभरच्या ग्रंथांत गेली. पुण्याजवळ मुळा-मुठेत मिळालेला खुद्री हा दख्खनचा महसीर. जलकीटकांपासून फळांपर्यंत सर्व काही खाणारा हा मासा गळाने मासेमारी करणाऱ्यांचा विशेष आवडता आहे.

त्यांची वर्णने मात्र त्रोटक होती आणि त्याची किंमत नंतर मोजावी लागली. त्यांनी वर्णिलेल्या मुसल्ला या माशाचे नाव कावेरीतील मदारीच्या प्रचंड महसीराला दीर्घकाळ चुकीने लावले गेले. मुसल्ला महसीर नव्हेच, हे २०१३ च्या सुमारास स्पष्ट झाले. कावेरीतला तो मासा म्हणजे टोर रेमादेवी, हे २०१८ मध्ये निश्चित झाले आणि त्याच वर्षी त्याची नोंद अतिसंकटग्रस्त म्हणून करावी लागली. दरम्यान लोणावळ्याच्या पैदास केंद्रातील खुद्रीची पिल्ले कावेरीत सोडली जात होती. या परक्या महसीराच्या वाढीने मूळच्या माशाची संख्या घटली, असे संशोधकांचे मत आहे.

साइक्सचा चंडोल हा पक्षी त्यांच्या नावाने ओळखला जातो.