एका गुणाचा अन्याय आणि हेलसिंकीचे कांस्य

प्रताप नगर (नागपूर), प्रतिनिधी : मातीच्या आखाड्यात निकाल स्वच्छ असतो. प्रतिस्पर्ध्याची पाठ जमिनीला लागली की कुस्ती संपली. गादीवर मात्र घड्याळ असते, पंच असतात आणि गुणांचा हिशेबही असतो. स्वतंत्र भारताला पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळवून देणाऱ्या खाशाबा जाधव यांचे आयुष्य या दोन जगांच्या सीमेवर घडले.

सातारा जिल्ह्यातील कराडजवळच्या गोळेश्वर या खेड्यात १५ जानेवारी १९२६ रोजी खाशाबांचा जन्म झाला. वडील दादासाहेब स्वतः मल्ल होते. त्यांच्या पाच मुलांत धाकटे असलेल्या खाशाबांना कुस्तीचे बाळकडू घरातच मिळाले. कराडच्या टिळक हायस्कूलमध्ये शिक्षण घेऊन ते कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात दाखल झाले. बाबूराव बलावडे व बेलापुरी गुरुजी यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांची कुस्ती बहरली. अंगकाठी लहान, पण चपळाई विलक्षण. हाताने प्रतिस्पर्ध्याची मान आवळून त्याला क्षणात खाली आणणारा ढाक हा त्यांचा हुकमी डाव होता.

१९४८ च्या लंडन ऑलिंपिकला ते कोल्हापूरच्या महाराजांच्या आर्थिक साह्याने गेले. मातीत घडलेल्या या मल्लाला गादीचा आणि आंतरराष्ट्रीय नियमांचा सराव नव्हता. तरीही ऑस्ट्रेलिया व अमेरिकेच्या मल्लांना नमवून त्यांनी फ्लायवेट गटात सहावे स्थान मिळविले. केवळ चितपटीवर विसंबून चालणार नाही, गुणही मिळवावे लागतील, हा धडा घेऊनच ते परतले आणि पुढील चार वर्षे वरच्या वजनगटासाठी कसून मेहनत केली.

हेलसिंकीचा मार्ग मात्र मायदेशातच अडला. मद्रास येथील राष्ट्रीय स्पर्धेत निरंजन दास यांच्याविरुद्ध त्यांना हेतुपुरस्सर एक गुण कमी देण्यात आला व निवडीतून डावलण्यात आले, असे सांगितले जाते. पंचांचा निर्णय अंतिम मानून गप्प बसणे हा सोपा मार्ग होता. खाशाबांनी तो नाकारला आणि कुस्तीचे चाहते असलेल्या पतियाळाच्या महाराजांकडे दाद मागितली. त्यांना पुन्हा चाचणी लढतीची संधी मिळाली. या वेळी त्यांनी गुण मोजण्याची वेळच येऊ दिली नाही. प्रतिस्पर्ध्याला चीत करूनच ते उठले. वादग्रस्त गुणांना त्यांनी दिलेले हे उत्तर मातीतले होते.

निवड झाली, पण पैसा नव्हता. राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचे घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. गावकऱ्यांनीही यथाशक्ती वर्गणी दिली.

त्या काळी ऑलिंपिक कुस्तीत दंडगुणांची पद्धत होती. चितपट विजयाला शून्य, तर पंचांच्या कौलाने मिळालेल्या विजयाला एक दंडगुण पडत असे. पराभवाचे दंडगुण त्याहून अधिक असत आणि पाच झाले की मल्ल बाद होई. अशा पद्धतीत ढाकेसारखा चितपटीचा डाव म्हणजे मोठीच शिदोरी. ५७ किलो वजनाच्या बॅंटमवेट गटात खाशाबांनी कॅनडा, मेक्सिको व जर्मनीच्या मल्लांना हरविले. जपानच्या शोहाची इशी यांच्याशी झालेली प्रदीर्घ लढत त्यांनी थोडक्यात गमावली. त्यानंतर नियमानुसार अर्ध्या तासाची विश्रांती न देताच त्यांना सोव्हिएत संघाच्या रशीद मम्मदबेयोव्ह यांच्यासमोर उभे करण्यात आले, असे सांगतात. दाद मागायला तेथे एकही भारतीय अधिकारी हजर नव्हता. मद्रासच्या निकालावर दाद मागता आली होती, हेलसिंकीत ती सोय नव्हती. थकलेले खाशाबा हरले आणि २३ जुलै १९५२ रोजी कांस्यपदकाचे मानकरी ठरले. इशी यांना सुवर्ण, तर मम्मदबेयोव्ह यांना रौप्य मिळाले.

दुसऱ्याच दिवशी भारतीय हॉकी संघाने सुवर्ण जिंकले आणि देशाचे लक्ष तिकडे वळले. कराडकरांनी मात्र आपल्या मल्लाची बैलगाड्यांच्या ताफ्यातून भव्य मिरवणूक काढली. आपल्यासाठी घर गहाण टाकणाऱ्या गुरूंचे ऋण खाशाबा विसरले नाहीत. कुस्त्यांची मैदाने भरवून त्यांनी ती रक्कम उभी केली आणि घर सोडविले.

१९५५ मध्ये ते पोलिस दलात उपनिरीक्षक झाले व सहायक पोलिस आयुक्त म्हणून निवृत्त झाले. उतारवयात त्यांना निवृत्तिवेतनासाठीही झगडावे लागले. १४ ऑगस्ट १९८४ रोजी रस्ता अपघातात त्यांचे निधन झाले. अर्जुन पुरस्कार मिळाला तोही मरणोत्तर. २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धेच्या निमित्ताने दिल्लीतील कुस्ती संकुलाला त्यांचे नाव देण्यात आले.

भारताच्या दुसऱ्या वैयक्तिक पदकासाठी १९९६ साल उजाडावे लागले, तर महाराष्ट्राच्या खेळाडूला पुन्हा असे पदक मिळाले ते २०२४ मध्ये, कोल्हापूरच्या नेमबाज स्वप्नील कुसाळे याच्या रूपाने. मद्रासच्या त्या एका गुणापुढे खाशाबांनी मान तुकवली असती, तर ही वाट आणखी लांबली असती.