शिऊरच्या बहिणाबाई आणि त्यांचा संसार

संप्रदायाची इमारत कोणत्या संताने कशी उभारली, हे सांगणारा बहिणाबाईंचा अभंग वारीच्या वाटेवर लहान पोरालाही पाठ असतो. पण तो रचणाऱ्या बाईंचा संसार कसा झाला, हे फार थोड्यांना ठाऊक. हल्ली तर नाव काढले की खानदेशच्या बहिणाबाई चौधरीच डोळ्यांपुढे येतात. त्याही थोरच, पण ह्या त्यांच्या अडीचशे वर्षे आधीच्या, श्रीतुकोबारायांच्या शिष्या.

वेरूळजवळ देवगाव आहे. तेथील आऊजी कुलकर्णी व जानकीबाई यांच्या पोटी शके १५५०, म्हणजे सन १६२८ मध्ये ही कन्या झाली. तिसऱ्या वर्षी लग्न लागले. नवरा शिऊरचा गंगाधर पाठक, वय तीस, बिजवर. वेदपाठी आणि सोवळ्याचा कडक. पुढे आऊजींचा भाऊबंदांशी तंटा लागला, कर्ज झाले, छळ सुरू झाला. तेव्हा ह्या जावयानेच सासऱ्याला सोडवले आणि सगळे कुटुंब रातोरात गाव सोडून निघाले. गंगाधरपंतांना दोष देणाऱ्यांनी हे आधी ध्यानात ठेवावे. पंढरपूर, शिंगणापूर, रहिमतपूर असे कोरान्न भिक्षेवर हिंडत, बहिणाबाईंच्या अकराव्या वर्षी, मंडळी कोल्हापुरास पोहोचली.

तेथे बहिरंभटांच्या वाड्यात बिऱ्हाड झाले. भटांनी पाठकांना एक कपिला गाय दिली, वासरासकट. त्या वासराला बहिणाबाईंचा असा लळा लागला, की बाई पाणी पाजतील तर ते पिणार, बाई कथेला निघाल्या तर तेही मागे येणार. कोल्हापुरात तेव्हा जयरामस्वामी वडगावकरांची कीर्तने चालत. एका एकादशीला गर्दी फार झाली म्हणून लोकांनी वासराला बाहेर काढले. ते हंबरू लागले. स्वामींनी त्याला आत आणवले आणि मुलीच्या व वासराच्या, दोघांच्याही मस्तकावरून हात फिरवला. गावभर चर्चा झाली.

ती चर्चा पंतांच्या कानी गेली. आपली बायको लोकांच्या तोंडी झाली हे त्यांना खपेना. त्यांनी वेणीला धरून तिला मारले. आमच्यातले पुष्कळ कीर्तनकार आख्यान लावताना हा भाग हळूच गाळतात. बाईंनी मात्र तो आपल्या आत्मनिवेदनात स्वतः लिहून ठेवला आहे. ज्या मुखाने त्यांनी पतिव्रताधर्माचे अभंग रचले, त्याच मुखाने तो माराचा प्रसंगही सांगितला. त्यांना जर तो सांगावासा वाटला, तर आपण का लपवावा? गाईवासराने त्या दिवसापासून चारा सोडला, आणि थोड्याच दिवसांत वासराने देह ठेवला.

बाईंची शुद्ध हरपली. त्या अवस्थेत त्यांना तुकोबांचे दर्शन झाले, स्वप्नातच अनुग्रह मिळाला. तुकोबा तेव्हा देहूस देहाने विद्यमान होते, पण बाईंनी त्यांना कधी पाहिले नव्हते; कीर्तनांतून त्यांचे अभंग तेवढे ऐकले होते.

आता पंतांची अवस्था बघा. वैदिक ब्राह्मणाची बायको शूद्राला गुरू म्हणते, आणि लोक तिच्या दर्शनाला येऊ लागतात! बाई गरोदर असता त्यांनी तिला टाकून तीर्थाला निघून जायचे ठरवले. निघण्याच्या वेळी ताप भरला. महिनाभर अन्न नाही, औषधाचा गुण नाही. उशाशी तीच बायको रात्रंदिवस. शेवटी एका वृद्ध ब्राह्मणाने येऊन त्यांना विचारात पाडले. पंत बरे झाले ते वेगळेच होऊन उठले. गाईसकट सगळे बिऱ्हाड घेऊन ते देहूला गेले. पन्नाशीकडे झुकलेल्या माणसाने जन्माचा अभिमान असा उतरवून ठेवणे सोपे नव्हे महाराज! मला तर बाईंच्या स्वप्नाहून हा चमत्कार मोठा वाटतो.

देहूत मंबाजीने आपला उपदेश घ्यावा म्हणून त्यांना गाठले. पंतांनी नकार दिला. मग छळ सुरू झाला. बाईंच्या गाईलासुद्धा त्याने कोंडून मारहाण केली. पण पंत डगमगले नाहीत. याच काळात कन्या काशी झाली, पुढे पुत्र विठोबा.

बाईंनी गुरूकडून नाम घेतले, पण डोळे मिटून घेतले नाहीत. वज्रसूची म्हणून संस्कृतात एक लहान ग्रंथ आहे. ब्राह्मण कोण? जीव, देह, जाती, कर्म, पांडित्य यांपैकी कशानेही तो ठरत नाही, ब्रह्म जाणतो तोच ब्राह्मण, असा त्यात निर्णय आहे. आम्ही पाठशाळेत तो शब्दार्थापुरता घोकला. बाईंनी तो मराठी अभंगांत आणला, आणि तोही ज्या घरात ह्याच प्रश्नावरून मार खाल्ला त्याच घरात बसून. त्यांची शास्त्राची परीक्षा पोथीबाहेर झाली होती.

त्यांचे आत्मनिवेदन शंभरावर अभंगांचे आहे. मराठीत स्त्रीने सांगितलेले हे पहिले आत्मचरित्र मानतात. असो.

शके १६२२, सन १७००. बाईंचे वय बहात्तर. सून रुक्मिणी वारली होती आणि तिच्या उत्तरकार्यासाठी विठोबा तीर्थावर गेला होता. बाईंनी त्याला पत्र धाडून बोलावून घेतले. तो आला तेव्हा आई शेवटच्या तयारीत होती. त्याने मागच्या जन्मांविषयी विचारले, आणि आईने आपले बारा जन्म एकामागून एक सांगितले. त्यांतल्या पुष्कळ जन्मांत तो आपला सोबतीच होता, हेही सांगितले. हा तेरावा जन्म शेवटचा, असे म्हणून आश्विन शुद्ध प्रतिपदेला त्यांनी डोळे मिटले. समाधी शिऊरास आहे, वैजापूर तालुक्यात. वेरूळला घृष्णेश्वराच्या दर्शनाला जाणाऱ्या वारकऱ्यांनी वाट थोडी वाकडी करून तेथे माथा टेकवून यावे.