माहीमचा पूल

माहीमच्या किनाऱ्यावरून पलीकडचे वांद्रे स्पष्ट दिसत असे. परंतु मध्ये खाडी होती. मुंबई त्या काळी बेटच होते. साष्टी बेटावरील वांद्र्याहून माहीमला यावयाचे, तर होडीने खाडी ओलांडावी लागे. भोवती दलदल, वर पावसाळी वारा; होड्या उलटत आणि माणसे बुडत. पुलाची गरज सर्वांनाच पटली होती, पण ईस्ट इंडिया कंपनीचे सरकार खर्च सोसावयास तयार नव्हते. तो खर्च अखेर अवाबाई यांनी उचलला. मुंबईचे प्रख्यात व्यापारी सर जमशेटजी जिजीभाई यांच्या त्या पत्नी.

जमशेटजींचा जन्म 1783 साली झाला. घरची गरिबी होती. शिक्षणही बेताचेच झाले. 1799 साली आईवडिलांचे छत्र हरपले आणि सोळा वर्षांचे जमशेटजी मुंबईस मामांच्या आश्रयास राहिले. मामा फ्रामजी जुन्या बाटल्यांचा व्यापार करीत. म्हणून लोक त्यांना बाटलीवाला म्हणत. त्यांचीच कन्या अवाबाई. 1803 साली तिच्याशी जमशेटजींचा विवाह झाला.

व्यापारासाठी जमशेटजींनी चीनच्या पाच सफरी केल्या. 1805 साली त्यांचे जहाज फ्रेंचांच्या हाती सापडले. सारा माल गेला आणि ते दक्षिण आफ्रिकेच्या टोकापर्यंत नेले गेले. मोठ्या हालअपेष्टा सोसून ते परत आले; तरी त्यांनी धीर सोडला नाही. पुढे कापूस व अफू यांच्या व्यापारात त्यांनी अमाप धन मिळविले. त्या अफूने चीनमधील अनेक कुटुंबे उद्ध्वस्त केली, ही गोष्टही त्यांच्या चरित्रातून वगळता येत नाही.

1842 साली जमशेटजींना सर ही पदवी मिळाली, तेव्हा अवाबाई लेडी जमशेटजी म्हणून ओळखल्या जाऊ लागल्या. लगेच पुढच्या वर्षी पुलाचे काम सुरू झाले. अवाबाईंनी आरंभी एक लाख रुपये दिले. खाडीत भराव घालणे सोपे नव्हते. खर्च अंदाजाबाहेर वाढला आणि काम अडण्याची वेळ आली. तेव्हा अवाबाईंनी आणखी 57,000 रुपये दिले. एवढ्या मोठ्या रकमेच्या बदल्यात त्यांची अट एकच होती: या पुलावरून जाणाऱ्या कोणाकडूनही सरकारने टोल घेऊ नये. सरकारने ती मान्य केली. 1845 साली पूल खुला झाला. श्रीमंताची घोडागाडी आणि डोक्यावर पाटी घेतलेली कोळीण एकाच वाटेने, एक पैही न देता, खाडी ओलांडू लागली.

त्याच सुमारास जमशेटजींच्या देणगीतून मुंबईत मोठे रुग्णालय उभे राहिले. पुढे त्यांच्या नावाची कलाशाळाही निघाली. 1859 साली ते निवर्तले.

दादरहून माहीमकडे जाणारा रस्ता लेडी जमशेटजी मार्ग म्हणून ओळखला जातो. 2009 साली जवळच समुद्रावरून वांद्रे-वरळी सागरी सेतू झाला. तेथे वाहनांना टोल भरावा लागतो. माहीमच्या जुन्या वाटेवर तो द्यावा लागत नाही.