योगाला एक्स-रे मशीनसमोर नेणारे लोणावळ्याचे स्वामी कुवलयानंद, आणि आजचा पीटीएसडी

लोणावळा म्हटलं की चिक्की, भुशी धरण आणि पावसाळ्यातली गर्दी आठवते. पण याच गावात १९२४ साली एका मराठी माणसाने योग तपासण्यासाठी प्रयोगशाळा सुरू केली होती. आज पीटीएसडीच्या उपचारात योगाचा उपयोग होतो का, यावर जगभर अभ्यास चालू आहे. त्या वाटेवर फार आधी निघालेला हा माणूस म्हणजे स्वामी कुवलयानंद.

त्यांचं मूळ नाव जगन्नाथ गणेश गुणे. जन्म ३० ऑगस्ट १८८३ चा, गुजरातमधल्या डभोईचा. घरची परिस्थिती बेताची. पण मॅट्रिकला संस्कृतची जगन्नाथ शंकरशेठ शिष्यवृत्ती मिळाली आणि ते बडोद्याच्या कॉलेजात दाखल झाले. तिथेच राजरत्न माणिकरावांकडे व्यायामाचे धडे घेतले. पुढे अंमळनेरला खानदेश एज्युकेशन सोसायटीत शिकवलं, राष्ट्रीय महाविद्यालयाचे प्राचार्यही झाले.

१९१९ साली नर्मदाकाठच्या मालसरला त्यांना परमहंस माधवदास भेटले. योगाने शरीरात बदल होतात हे त्यांना अनुभवातून पटलं. पण अनुभव हा पुरावा नव्हे, हेही त्यांना कळत होतं. मग १९२०-२१ मध्ये त्यांनी बडोद्याच्या हॉस्पिटलमध्ये आपल्या विद्यार्थ्यांना उड्डियान बंध आणि नौली करायला लावून त्यांचे एक्स-रे काढले. नौली करताना मोठ्या आतड्यात हवेचा दाब कमी होतो, हे मोजून दाखवलं. त्या पोकळीला गुरूंचं नाव दिलं.

१९२४ मध्ये लोणावळ्यात कैवल्यधाम उभं राहिलं. त्याच वर्षी 'योगमीमांसा' हे त्रैमासिक सुरू झालं. त्यात आकडे छापले जात, आणि गैरसोयीचे निष्कर्षही. प्राणायामाने जास्त ऑक्सिजन मिळतो, ही तेव्हाची लोकप्रिय समजूत. मोजमाप घेतल्यावर ती टिकली नाही. प्राणायामाचा फायदा दुसरीकडे शोधायला हवा, हे त्यांनी मान्य केलं. पुढे कैवल्यधामात योगोपचारांचं रुग्णालयही सुरू झालं.

१८ एप्रिल १९६६ रोजी ते गेले. तेव्हा पीटीएसडी हे नावच नव्हतं. अमेरिकेतल्या मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने ते १९८० मध्ये आपल्या निदानपुस्तिकेत घेतलं.

पीटीएसडी म्हणजे नेमकं काय? समजा, एक्स्प्रेस वेवर खंडाळ्याच्या घाटात कुणाचा भीषण अपघात झाला. जखमा भरल्या, पण महिना उलटून गेला तरी ब्रेकचा आवाज आला की छातीत धडधडतं. रात्री तेच स्वप्न पडतं. तो रस्ताच नको वाटतो. धोका संपलाय, हे शरीराला अजून कळलेलं नसतं. अपघातच नाही, तर युद्ध, अत्याचार, दरड किंवा भूकंप यांतून वाचलेल्यांनाही हे होतं. यात मनाच्या कमकुवतपणाचा संबंध नाही.

त्रास शरीरात अडकलेला असेल, तर शरीराच्या बाजूने उपचार का करू नयेत? हा प्रश्न २०१४ मध्ये अमेरिकेतल्या एका अभ्यासाने विचारला. जुना, उपचारांना दाद न देणारा पीटीएसडी असलेल्या ६४ स्त्रियांचे दोन गट केले. एका गटाला १० आठवडे योग, दुसऱ्याला आरोग्यशिक्षण. शेवटी योगगटातल्या ३१ पैकी १६ जणी पीटीएसडीच्या निकषांतून बाहेर आल्या, दुसऱ्या गटात २९ पैकी ६. फरक मोठा आहे, पण अभ्यास छोटा आहे.

म्हणूनच 'योग करा, डॉक्टर सोडा' असा फॉरवर्ड आला तर तो पुढे पाठवू नये. पीटीएसडीवर सर्वांत भक्कम पुरावा आजही आघातावर केंद्रित समुपदेशनाचा आहे, ज्यात सुरक्षित वातावरणात त्या आठवणीला हळूहळू सामोरं जायला शिकवतात. ईएमडीआर ही पद्धत आहे, काहींना औषधंही लागतात. योग या सगळ्याच्या जोडीला येतो. तोही जपून, कारण श्वास रोखून धरणं किंवा डोळे मिटून बसणं काहींची भीती उलट वाढवतं. जमत नसेल तर थांबायची मुभा हवी.

मदत हवी असेल तर सरकारची 'टेलिमानस' हेल्पलाइन १४४१६ या क्रमांकावर मोफत आहे, मराठीतही बोलता येतं.

कुवलयानंदांनी पीटीएसडीवर उपचार केले, असा दावा कुणी करू नये. पण योगाचा कुठलाही दावा आधी तपासायचा, ही सवय त्यांनी शंभर वर्षांपूर्वी लोणावळ्यात लावली होती. आघातातून सावरणाऱ्या माणसाला आज तिचीच जास्त गरज आहे.