नामदार गोखल्यांचा हिशेब

रत्नागिरी जिल्ह्याच्या दक्षिणेस लांजा, तर उत्तरेस गुहागर. त्या गुहागर तालुक्यातील कोतळूक ह्या लहानशा गावी ९ मे १८६६ रोजी गोपाळ कृष्ण गोखले यांचा जन्म झाला. गोपाळ लहान असतानाच वडील वारले. थोरले बंधू गोविंदराव यांनी आपले शिक्षण सोडले व दरमहा १५ रुपयांची नोकरी धरली. त्यांतील ८ रुपये, म्हणजे निम्म्याहून अधिक मिळकत, ते गोपाळच्या शिक्षणासाठी पाठवीत. गोपाळनेही काटकसरीने राहून १८८४ साली बी. ए. ची पदवी मिळविली.

पुढे गोखले पुण्यास शिक्षक झाले. त्यांनी लिहिलेले अंकगणिताचे पुस्तक अनेक वर्षे शाळांतून चालले. १९०२ साली ते व्हाइसरॉयच्या कायदेमंडळात गेले. तेथे सरकारच्या अंदाजपत्रकावर बोलताना, एकूण खर्चापैकी सैन्याच्या वाट्यास किती जाते आणि प्रजेच्या शिक्षणास किती उरते, हे ते आकड्यांनिशी दाखवून देत.

१६ मार्च १९११ रोजी त्यांनी प्राथमिक शिक्षण सक्तीचे करण्याचे विधेयक मांडले. त्या वेळी त्यांनी निरनिराळ्या देशांचे आकडे सांगितले. अमेरिकेत दर शंभर लोकांमागे २१ जण प्राथमिक शाळांत शिकत होते. सयाजीराव महाराजांच्या बडोदे संस्थानात ५ शिकत होते. ब्रिटिश हिंदुस्थानात मात्र हे प्रमाण अवघे १.९ होते.

हाच हिशेब वृत्तालेखाने पाहा. सारी लोकसंख्या म्हणजे ३६० अंशांचे पूर्ण वर्तुळ. प्रौढ माणसे प्राथमिक शाळेत जात नाहीत; म्हणून हे वर्तुळ कोणत्याच देशात पूर्ण भरणार नाही. तरीही अमेरिकेची वर्तुळपाकळी सुमारे ७६ अंशांची होते, बडोद्याची १८ अंशांची आणि ब्रिटिश हिंदुस्थानची जेमतेम ७ अंशांची! त्या चिंचोळ्या पाकळीबाहेर देशातील कोट्यवधी मुले राहिली होती.

मार्च १९१२ मध्ये विधेयकावर मते घेण्यात आली. बाजूने १३ व विरुद्ध ३८ मते पडून ते नामंजूर झाले. मतांच्या वर्तुळातही गोखल्यांचा वाटा चौथाईएवढाच होता. तथापि ते निराश झाले नाहीत. १९ फेब्रुवारी १९१५ रोजी त्यांचे निधन झाले.

पुढे स्वतंत्र भारतात, १ एप्रिल २०१० पासून, ६ ते १४ वर्षांच्या प्रत्येक मुलामुलीस मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क कायद्याने मिळाला. गोखल्यांनी मांडलेला हिशेब पुरा करण्यास देशाला जवळजवळ शंभर वर्षे लागली.