साडीतील मरिया रंगवणारे अँजेलो दा फोन्सेका

चर्चच्या ग्रोटोपाशी दर चार-सहा महिन्यांनी कोणीतरी जुन्या तसबिरी आणून ठेवलेल्या आम्हांला आढळतात. घराला रंग काढला, नवा फ्लॅट घेतला, की जुन्या तसबिरीचे काय करायचे हा प्रश्न पडतो. आशीर्वाद घेतलेली वस्तू कचऱ्यात टाकवत नाही, म्हणून ती मरियामातेच्या पायाशी येते. बहुतेक तसबिरी छापील असतात. मध्यंतरी मात्र एक हाताने रंगवलेली निघाली. काच तडकलेली, कागदाच्या कडा वाळवीने खाल्लेल्या, मागे नाव नाही. कोणाच्या तरी आजोबांनी किंवा काकांनी काढलेली असावी. दोन रविवार मिस्सानंतर आम्ही विचारले, कोणी पुढे आले नाही. त्या दिवसापासून अँजेलो दा फोन्सेका यांची आठवण मनातून जात नाही, म्हणून या वेळी त्यांच्याविषयी लिहीत आहोत.

फोन्सेका यांचा जन्म १९०२ साली गोव्यात, तिसवाडीतील सांत इस्तेव्ह या बेटावरच्या गावी, एका सुखवस्तू कॅथलिक कुटुंबात झाला. शाळेसाठी त्यांना बेळगावला पाठवले. पुढे डॉक्टर व्हावे म्हणून मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात घातले. ते शिक्षण त्यांनी सोडले आणि जे. जे. कलाशाळेत नाव घातले. तेथेही मन रमेना. साहेबी पद्धतीची चित्रे काढायला शिकण्यात त्यांना रस नव्हता. ते थेट बंगालला गेले आणि अवनींद्रनाथ टागोर व नंदलाल बोस यांच्या हाताखाली शिकले. बंगालच्या त्या चित्रकारांची एक रीत होती. जलरंगाचा हात दिला की कागद पाण्यात बुडवायचा, वाळवायचा, पुन्हा रंग द्यायचा. असे कितीतरी वेळा केल्यावर रंग कागदात मुरतो आणि चित्र धुक्यातून वर आल्यासारखे दिसते. घाई असलेल्या माणसाचे ते काम नव्हे.

ही विद्या घेऊन ते गोव्याला परतले आणि पवित्र मरिया रंगवू लागले. डोक्यावरून पदर, अनवाणी पाय, आपल्याकडच्या मातीचे तांबूस-पिवळे रंग, चेहरा गावातल्या कोणाही सुनेचा वाटावा असा. येथेच ठिणगी पडली. गोव्यात तेव्हा पोर्तुगीज अंमल होता. तो १९६१ पर्यंत राहिला. देवमातेला साडी नेसवणे हा धर्मगुरूंना आणि प्रतिष्ठित घराण्यांना अपमान वाटला. टीका इतकी झाली की या तरुणाला आपली जन्मभूमी सोडावी लागली.

टीका करणाऱ्यांना आम्ही सरसकट मूर्ख म्हणणार नाही. शेजारच्या देवळातील देवी आणि आपली मरिया यांत भाविकांचा गोंधळ होईल, ही भीती त्यांना खरोखर वाटत असणार. पण एक गोष्ट त्यांच्या ध्यानात आली नाही. नाझरेथची मरिया यहुदी होती. इटलीच्या चित्रकारांनी तिला इटालियन केले, फ्लेमिश चित्रकारांनी फ्लेमिश, आणि ती चित्रे आपण माना तुकवून घरात लावली. सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना आम्ही ७८७ सालच्या निकेआच्या दुसऱ्या विश्वसभेचा निर्णय पाठ केला होता. प्रतिमेला दिलेला मान प्रतिमेपाशी थांबत नाही, ज्याची ती प्रतिमा आहे त्याच्यापर्यंत पोहोचतो. परीक्षेत उत्तर बरोबर लिहिले, गुण मिळाले. तरी फोन्सेकांच्या चित्राची छापील प्रत पहिल्यांदा पाहिली तेव्हा आमच्याही मनात आलेच, की ही मरिया नव्हे. पाठ केलेले तत्त्व आणि लहानपणापासूनची सवय यांत सवय किती जबर असते, ते त्या दिवशी कळले.

गोवा सोडून फोन्सेका पुण्याला आले. तेव्हा गोव्याहून आगगाडीने पुण्याला जायचे तर लोंढा, बेळगाव, मिरज असाच मार्ग होता. म्हणजे आपल्या शेजारच्या मिरज स्टेशनातूनच त्यांचे जाणे-येणे झाले असणार. पुण्यात शिवाजीनगरला ख्रिस्त प्रेम सेवा आश्रम होता. जॅक विन्स्लो या अँग्लिकन मिशनऱ्याने तो १९२२ साली अहमदनगरला सुरू केला आणि नंतर पुण्याला आणला. विन्स्लो यांना प्रेरणा मिळाली होती ती आपल्या रेव्हरंड नारायण वामन टिळकांकडून. या आश्रमाने फोन्सेकांना राहायला आणि चित्रे काढायला जागा दिली. कॅथलिकाने प्रॉटेस्टंटांच्या प्रार्थनेला जाणेही त्या काळी दोष मानले जाई, हे लक्षात घेतले म्हणजे यातली गंमत कळते. स्वकीयांनी नाकारलेल्या कॅथलिक चित्रकाराची मरिया अँग्लिकनांच्या अंगणात वाढली. फोन्सेका मात्र अखेरपर्यंत कॅथलिकच राहिले, आपल्या ख्रिस्तसभेवर रागावून कोठे गेले नाहीत. आम्हांला त्यांच्या चित्रांइतकेच याचेही मोल वाटते.

आपल्याकडेही सगळेच विरोधात नव्हते. मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजातील इतिहास संशोधक फादर हेन्री हेरास यांनी त्यांना उत्तेजन दिले आणि त्यांची चित्रे जमवली. रोममध्ये महागुरुस्वामी चेल्सो कोस्तांतिनी मिशन देशांतील देशी ख्रिस्ती कलेचा पुरस्कार करीत होते. १९५० च्या पवित्र वर्षी व्हॅटिकनमध्ये अशा कलेचे प्रदर्शन भरले, त्यात फोन्सेकांची चित्रे होती. पुढे १९६३ साली दुसऱ्या व्हॅटिकन विश्वसभेने सर्व वंशांच्या व देशांच्या कलेला उपासनेत मोकळे स्थान दिले. ज्या कामासाठी त्यांना गाव सोडावे लागले, ते काम आता ख्रिस्तसभाच मागत होती.

१९५१ साली, पन्नाशीच्या उंबरठ्यावर, त्यांचे लग्न आयव्ही मिनेझिस यांच्याशी झाले. त्यांना एक मुलगी झाली. आयव्हीबाई त्यांच्या कितीतरी मरियाचित्रांसाठी समोर बसल्या. पुढची चित्रे पाहताना हे ध्यानात ठेवावे. हातात बाळ घेतलेली ती आई एका खऱ्या घरातली आहे. संसार फार वर्षे लाभला नाही. डिसेंबर १९६७ मध्ये मेंदूज्वराने फोन्सेका वारले.

मागे राहिली चित्रे. आमच्या मते या गोष्टीतला सर्वांत कठीण भाग येथून सुरू होतो, आणि तो कोणी फारसा सांगत नाही. जलरंगाचे चित्र म्हणजे शेवटी कागद. पुण्याचा पावसाळा, कसर, झुरळे, उन्हाची तिरीप, यांपैकी काहीही पुरे पडते. चित्रकाराचे नाव तेव्हा फारसे कोणाच्या तोंडी नव्हते. एकेक चित्र विकून टाकले असते तरी कोणी त्या माउलीला बोल लावला नसता. आयव्हीबाईंनी तो संग्रह जवळजवळ चाळीस वर्षे सांभाळला आणि २००६ साली गोव्यात पर्वरी येथील झेवियर सेंटर ऑफ हिस्टॉरिकल रिसर्च या येशूसंघीयांच्या संस्थेकडे सोपवला. ज्या गोव्यातून चित्रकाराला निघावे लागले, तेथेच त्याची चित्रे पत्नीच्या हातून परत गेली. त्यानंतर अभ्यासकांचे लक्ष गेले, प्रदर्शने झाली, पुस्तके निघाली. कपाट आधी कोणी जपले नसते, तर अभ्यासकांना पाहायला काय उरले असते?

ग्रोटोपाशी सापडलेल्या तसबिरीला आम्ही नवी काच बसवून घेतली आहे. ती चर्चच्या दाराशी, सूचनाफलकाच्या उजव्या बाजूला लावली आहे. चित्र संत जोसेफ आणि बाळ येशूचे आहे. जोसेफच्या डोक्याला आपल्याकडचा फेटा आहे आणि हातातले रंधे अगदी बरोबर काढले आहेत, त्यावरून काढणारा स्वतः सुतारकाम जाणणारा असावा असे वाटते. ज्येष्ठ मंडळींनी जरा थांबून पाहावे, कोणाला हात ओळखू आला तर सांगावे.

ज्यांच्या घरी आईवडिलांनी, काका-मामांनी काढलेली चित्रे असतील त्यांनी ती ग्रोटोपाशी ठेवू नयेत. नको असतील तर रविवारी दुसऱ्या मिस्सानंतर कार्यालयात आणून द्यावीत. मागे काढणाऱ्याचे नाव, गाव आणि साल पेन्सिलीने लिहावे. बॉलपेन वापरू नये, शाई पुढे उमटते.