डॉ. केलास : हिमालयाचे एक अबोल उपासक

गिर्यारोहण म्हटले की आपणांस एव्हरेस्ट आठवते. उत्तर सिक्कीममधील चोमियोमो वा पाउहुन्री ही नावे मात्र क्वचितच कानी पडतात. या शिखरांच्या वाटा प्रथम शोधणाऱ्या डॉ. अलेक्झांडर केलास यांचे स्मरण आम्हांस येथे करावयाचे आहे.

१८६८ साली स्कॉटलंडमधील अॅबर्डीन येथे जन्मलेले केलास लंडनच्या एका वैद्यकीय विद्यालयात रसायनशास्त्र शिकवीत. १९०७ पासून मात्र रजा मिळाली की त्यांची पावले सिक्कीमकडे वळत. बरोबर बहुधा युरोपीय सोबती नसत. शेर्पांची योग्यता आरंभीच ओळखणाऱ्यांपैकी ते एक होत. लाचेन, थांगूवरून वर जावे, एका बाजूने वाट न गवसल्यास दुसरी बाजू पाहावी, हा त्यांचा क्रम. १९१० मध्ये चोमियोमो व १९११ मध्ये, पूर्वी माघार घ्यावी लागलेले पाउहुन्री, त्यांनी सर केले. पाउहुन्रीची उंची ७,१२८ मीटर, म्हणजे तेव्हाच्या विक्रमी त्रिशूळाहून किंचित अधिक, हे पुढे सिद्ध झाले. तो विक्रम १९२८ पर्यंत टिकला. केलासांना त्याची वार्ताही नव्हती.

प्राणवायूच्या नळकांड्यांविना एव्हरेस्ट चढता येईल, हे त्यांचे गणित १९७८ मध्ये खरे ठरले. स्वतः ते मात्र एव्हरेस्टच्या पहिल्याच मोहिमेत, ५ जून १९२१ रोजी, तिबेटात कांपा झोंगजवळ निवर्तले. तेथून त्यांची शिखरे दिसतात. कीर्तीची वाट न पाहता वाट पाडणाऱ्यांना याहून उचित स्मारक कोणते, असे आम्हांस वाटते.